ग्रीनलंडला जायचंय? आधी बेंबळीला या

तुम्हाला ग्रीनलंडला जायचं असेल, तर इंटरनेटवर डोळे फोडत बसू नका. धाराशिवच्या स्टँडवरून बेंबळीची गाडी पकडा, गावात उतरा आणि कुणालाही विचारा, शिवम्मा कुठं राहतात. विचारलेला माणूस घर दाखवायला स्वतः सोबत येईल, कारण आमच्या वैनी पाहुण्याला चहा पाजतात तसा वाट दाखवणाऱ्यालाही पाजतात. अंगणात चूल पेटलेली असेल आणि चुलीच्या कडेनं कडक भाकऱ्या वाळत उभ्या असतील. त्यांना धक्का न लावता बाजेवर बसा. ग्रीनलंड एवढा शब्द काढला की पुढचं काम त्याच करतात.

"कुत्र्याला हात लावू नगा. बांधलेलं असलं तरी न्हाय. ती गाडी वढायची कुत्री हायत, आपल्या गल्लीतली न्हवं. साखळी जिथवर पोचती, तिथं पायच टाकायचा न्हाय. कुनाच्या घरी गेलं की बूट काढून आत. फोटू काढायचा असंल तर आधी इचारा, मानसं काय जत्रंतली चित्रं हायत व्हय? रस्ता गाव संपलं की संपतो. फुडच्या गावाला जायचं तर इमान, न्हायतर होडी. आन् इमान हवा बघून उडतं, म्हनून परतीला चार दिस मोकळं ठिवा. फोन छातीशी ठिवा, थंडीनं त्याचा जीव जातो. खवा, तूप, दुधाचं काय नेऊ नगा, वाटंत काढून घेत्यात. कडक भाकरी न्या. तिला कुनी अडवत न्हाय."

एवढं सांगून झालं की त्या चुलीतलं लाकूड आत सारतात आणि म्हणतात, "आन् डिसेंबरात जानार असाल, तर सूर्य हितनंच बघून जावा."

ऐकणारा हसतो. मी हसत नाही. त्या एका सूर्यापायी गेल्या हिवाळ्यात माझं, आमच्या शेजारच्या गफारचं आणि निम्म्या जिल्ह्यातल्या निवृत्त कंडक्टरांचं डोकं फिरायची वेळ आली होती.

मी कल्याणप्पा, शिवम्मा वैनींचा धाकटा दीर. उमेदीची सगळी वर्षं एसटीत कंडक्टर होतो. लोक मला तिरसट म्हणतात. पायरीवर लोंबकळणारे, सुट्टे नसणारे आणि दाढी फुटलेल्या पोराचं अर्धं तिकीट मागणारे, यांना रोज तोंड दिलं की कुणीही होईल. माझा थोरला भाऊ शंभुलिंग जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्यामागं वैनींनी कडक भाकरीवर घर चालवलं आणि लेक शिवप्रियाला शिकवलं. ज्यांनी ही भाकरी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ज्वारीची, पापडाएवढी पातळ थापायची, तव्यावरून काढली की चुलीच्या उबेला वाळवायची. महिनोन्महिने टिकते, मोडली की शेजारच्या घरात कळतं आणि दुधात कुस्करली की बाळंतिणीलाही चालते. वैनींच्या भाकऱ्या धाराशिवच्या बाजारात जातात, सोलापूरला जातात आणि लग्नसराईत तर आम्हा घरच्यांना बघायलाही मिळत नाहीत.

बाई कामाला वाघ आणि बोलायला त्याहून वाघ. भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाला एकदा म्हणाल्या, "दादा, तुमी चंद्राचं पीठ आना, म्या फुकट थापून देते." गिऱ्हाईक निमूट पैसे देऊन गेलं. मला त्यांचा धाक आहे, हे मी घराबाहेर कबूल करत नाही.

वैनींचा एक नेम आहे. सकाळी अंघोळ, मग तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, मग अंगणात येऊन सूर्याचं दर्शन आणि त्यानंतरच पाण्याचा पहिला घोट. पूजेआधी काही खायचं नाही, हे आमच्या लिंगायतांत पुष्कळ घरांत पाळतात. सूर्याची अट मात्र वैनींनी स्वतःच्या अंगाला लावून घेतलेली. आमच्या भागात पावसाचीच मारामार, त्यामुळं सूर्य सहसा दगा देत नाही. तरी श्रावणात एखादा दिवस आभाळ गच्च भरतं आणि मग सगळी गल्ली वैनींच्या वतीनं मान वर करून फिरते. ढगात जरा फट पडली की चारी बाजूंनी आरोळ्या येतात, "शिवम्मा, निघाला, निघाला!" वैनी पिठाच्या हातानं धावत बाहेर येतात. कधी कधी अख्खा दिवस निघत नाही. त्या दिवशी त्या उपाशी राहतात, वर दुप्पट भाकऱ्या थापतात.

हा नेम कशासाठी, हे गावात कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे, कारण मी तिथं होतो. शिवप्रिया लहान असताना तिचा ताप डोक्यात गेला. धाराशिवच्या दवाखान्यात खाटेवर ती नुसती पडून होती, हाक मारली तरी ओ नाही. बाहेर पावसाची झड लागलेली. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत बघू. शंभुलिंग व्हरांड्यात भिंतीला टेकून रडत होता आणि मी ड्यूटीवरून खाकी कपड्यांतच तसा आलेलो. सकाळी ढग फाटले. खिडकीतून ऊन थेट खाटेवर आलं आणि पोरीनं डोळे उघडून भाकरी मागितली. वैनी खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या, "आजपास्नं तुला बघितल्याबिगर पानी घ्यायची न्हाय. माझ्या लेकराला सांभाळ." मग मागं वळून मला दम दिला, "भावजी, हे तिला कधी सांगू नगा. आपल्यापायी आई उपाशी ऱ्हाती, असं लेकराला वाटू नये."

मी नाही सांगितलं. शंभुलिंग गेल्यावर तर ही गोष्ट आम्हा दोघांतच राहिली.

शिवप्रिया मोठी झाली, तिचं लग्न विरेशशी झालं. विरेश मूळचा अक्कलकोटकडचा, पाव-केक करण्यात तरबेज. आधी बोटीवर होता, मग ग्रीनलंडच्या इलुलिसाट नावाच्या गावात एका हॉटेलात बेकरीचं काम मिळालं. इलुलिसाट म्हणजे हिमनग, असं तो सांगतो. गावाला हिमनगच म्हणायचं, म्हणजे तिथली परिस्थिती काय असेल याचा अंदाज आला. आमची पोर भाजीला कोथिंबीर मिळत नाही एवढ्या गावात संसार करायला गेली. वर्षभरानं दिवस गेल्याची बातमी आली.

पहिलं बाळंतपण माहेरी. वैनींनी खारीक-खोबरं आणून ठेवलं, बाज विणून घेतली, न्हाणीतला दगडसुद्धा बदलला. पण मधेच प्रियाला त्रास झाला आणि तिथल्या डॉक्टरनं प्रवासाला मनाई केली. फोनवर पोर रडायला लागली, "अव्वा, मला एकटीला भीती वाटती." आमच्या घरात आईला अव्वा म्हणतात, कानडीचं वारं आहे. वैनी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुला येता येत न्हाय तर म्हायेर तिकडं येतंय. रडू नगंस."

आता बोलणं सोपं. जिनं मुंबईसुद्धा पाहिली नव्हती, तिला पृथ्वीच्या टोकावर पाठवायचं होतं. प्रवास म्हटल्यावर मी पुढं झालो. बाकी कशातलं कळो न कळो, माणूस आणि सामान इथून तिथं पोचवणं हा माझा धंदा. विरेश रोज फोनवर बोलून पाठवायचा आणि मी ऐकून वैनींना हुकूम सोडायचो. व्हिसा डेन्मार्कचा काढायचा, पण त्यावर ग्रीनलंडला चालेल असं वेगळं लिहिलेलं लागतं, नाहीतर अर्ध्या वाटेवरून परत. लोकरीचे कपडे एकावर एक घालायचे, एकच जाडजूड कोट घेऊन उपयोग नाही. बुटांचं माप मोठं, आत दोन मोजे बसले पाहिजेत. वैनींनी लुगडं सोडायला साफ नकार दिला, तेव्हा लुगड्याच्या आत दोन लोकरी पायजमे असं आमचं ठरलं. पाणी नळाचं प्यायलं तरी चालतं, हे ऐकून मात्र वैनींना त्या देशाबद्दल आदर वाटायला लागला.

आणि मग एक दिवस विरेशचा आवाज आला, "काका, अव्वाला एक सांगून ठेवा, म्हणजे घाबरणार नाहीत. नोव्हेंबर संपता संपता इथं सूर्य मावळतो, तो जानेवारीतच उगवतो. दुपारी थोडा उजेड येतो, पण सूर्य दिसत नाही. बाळंतपण नेमकं त्याच दिवसांत आहे."

वैनी परातीत पीठ मळत होत्या. त्यांचा हात थांबला.

"अजिबात न्हाय दिसत?"

"अजिबात न्हाय, वैनी."

त्यांनी पिठाचे हात पुसले आणि परात बाजूला सारली. म्हणाल्या, "भावजी, ज्या लेकरासाठी नेम धरला, त्या लेकराकडं जायाला नेम मोडायचा? आन् मोडला आन् तिला काय झालं म्हंजे?"

मला राग आला. कुणावर ते कळेना, म्हणून मी त्या देशावर काढला. सूर्यसुद्धा वेळेवर सोडता येत नाही, कसला कारभार!

दुसऱ्या दिवशी आम्ही मठात गेलो. स्वामींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, परमुलखात, अडचणीच्या वेळी सूट आहे, पूजा करा आणि जेवा. मला हायसं वाटलं. गाडीत बसल्यावर वैनी म्हणाल्या, "स्वामींनी सूट दिली खरी. पन शब्द म्या स्वामींना दिला न्हवता." म्हणजे आम्ही पुन्हा होतो तिथंच.

तोडगा मला सुचला, तो दुपारी झोपमोड झाल्यावर. वैनी अंगणात प्रियाशी व्हिडिओवर बोलत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी उठून बाहेर गेलो.

"वैनी, ही फोनातली प्रिया खरी का खोटी?"

"असं काय इचारता? माझी लेक हाय ती."

"मग फोनातला सूर्य खोटा कसा? मी हितं उभा ऱ्हातो, फोन वर करतो. तुमी तिकडं बघा, हात जोडा आन् पाणी प्या. सूर्य काय दोन हायत व्हय?"

त्यांनी पुष्कळ विचार केला. मग अट घातली. "त्याच वख्ताला दिसला पायजे, भावजी. काल काढून ठिवलेला न्हाय चालायचा. तो फोटू. आन् ज्या दिशी हितं ढग, त्या दिशी म्या उपाशी."

मी कबूल केलं. डिसेंबरात आमच्याकडं कुठले आलेत ढग, असं मला वाटलं.

गफारनं त्याच्या जीपमधून आम्हाला मुंबईच्या विमानतळावर नेलं. विरेशनं व्हीलचेअर सांगून ठेवली होती, म्हणजे तिथलं माणूस थेट विमानापर्यंत सोडतं. वैनी खुर्चीत बसेनात. "माझं पाय धड हायत, त्या लेकराला कशाला ढकलाया लावू?" शेवटी खुर्चीत भाकऱ्यांची पिशवी बसली आणि वैनी शेजारून चालत गेल्या. गळ्यातल्या इष्टलिंगाच्या करंड्याची तपासणी झाली, भाकऱ्यांचीही झाली. कोपनहेगनला विरेश घ्यायला आला होता. तिथल्या अधिकाऱ्यानं भाकरी टकटक वाजवून बघितली, तेव्हा वैनींनी त्याला एक खायला दिली म्हणे. त्यानं घेतली की नाही, याबद्दल विरेश आणि वैनी अजून वेगवेगळं सांगतात.

इलुलिसाटचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास मागं. म्हणजे वैनींची पहाट ही माझी जेवून आडवं व्हायची वेळ. आयुष्यभर मला दुपारची झोप मिळाली नव्हती. निवृत्तीनंतर ती जरा कुठं सापडली होती, ती ग्रीनलंडनं नेली. रोज जेवण झालं की टोपी घालायची, अंगणात उभं राहायचं, फोन आला की सूर्याकडं धरायचा. पडद्यावर नुसता पांढरा भगभगीत गोळा दिसायचा. पलीकडं अंधाऱ्या खिडकीपाशी शालीतून दोन हात बाहेर यायचे आणि जोडले जायचे. मग पाण्याचा घोट. मग मात्र वैनींची टकळी सुरू व्हायची.

"भावजी, हितं झाड म्हनून न्हाय. सरपान काय करीत असतील?"

"शेजारीन आली हुती. बूट काढून आत आली, कापी प्याली, गेली. हितं बाळ झालं की घर उघडं टाकत्यात म्हनं. येईल त्यानं केक खायाचा, जरा बसायचं आन् दुसऱ्याला जागा करून द्यायची. आपल्या हळदीकुंकवावानी."

"रात्री आबाळात हिरवं लुगडं वाळत घातल्यागत दिसतंय. प्रिया म्हनती लोक लांबून हेच बघाया येत्यात. म्या म्हनलं बघू द्या, मला तर सूर्य पायजे."

अंगणातला हा तमाशा बघायला गल्लीतले लोक येऊन उभे राहायचे. कुणी फोनात डोकावून वैनींना हाक मारायचं. गफार तर रोज यायचा, कारण वैनींना नेऊन सोडलं ते आपण, तेव्हा बाकीची जबाबदारीही आपली, असं त्याचं म्हणणं. मला वरवर त्रास व्हायचा. खरं सांगायचं तर ती वेळ जवळ आली की मला जेवण गोड लागायचं नाही, आधी आभाळ बघून यायचो.

आणि नाताळाच्या आधी अवकाळी आलं. सकाळपासून आभाळ शिशासारखं, वर बारीक भुरभुर. मी अंगणात फेऱ्या मारत होतो, तेवढ्यात वेळेच्या आधीच फोन आला. विरेश होता. घाबरलेला.

"काका, प्रियाला मध्यरात्रीच दवाखान्यात आणलंय. कळा चालू आहेत. अव्वा तिच्यापाशीच उभ्या आहेत, पण काल संध्याकाळपासून पोटात काही नाही. आता भोवळ आल्यासारखं करतायत. नर्सनं कॉफी दिली, पाणी दिलं, कशालाच हात लावत नाहीत. प्रिया त्यांचा हात सोडत नाही. अव्वा पडल्या तर नर्स त्यांना बाहेर बसवेल."

मी वर बघितलं. नखाएवढीही फट नव्हती.

"जबरदस्ती करू नको," मी म्हणालो आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्याला सांगून टाकली. दवाखाना, ताप, खिडकीतलं ऊन, सगळं. त्याशिवाय त्याला कळलं नसतं. मी जोरानं बोलत होतो, मला हळू बोलता येत नाही. तिकडं फोन मोठ्या आवाजावर होता, हे मला नंतर कळलं.

फोन ठेवला. माझ्याकडं कालचं दर्शन साठवलेलं होतं, गल्लीतल्या कुणीतरी गंमत म्हणून काढून मला पाठवलेलं. तेच दाखवलं असतं तर वैनींना काय कळणार होतं? पांढरा गोळा तो पांढरा गोळाच. बोट त्याच्यावर गेलंही. पण मी कंडक्टर. कालचं तिकीट आज चालवून घ्यायचं, हे माझ्या हातून होईना.

गफार बाजेवर बसून सगळं बघत होता. म्हणाला, "कल्याणभाऊ, एक सांगू? आमच्यात ईदचा चाँद हितं ढगात असला, तर काय करतात? दुसऱ्या गावाहून गवाही येती, तिथं दिसला म्हणून. मग हितं बी ईद. चाँद दुसऱ्या गावचा चालतो, तर सूर्य का चालत न्हाय?"

इतका साधा विचार आणि मी बेंबळीच्याच आभाळाला चिकटून बसलेलो!

आम्हा निवृत्त एसटीवाल्यांचा व्हॉट्सअॅपवर ग्रुप आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक स्टँडजवळ आमचं कुणी ना कुणी राहतं. मी लिहिलं, "तातडीचं. आत्ता कुठं ऊन आहे?" उत्तरं धडाधड यायला लागली. तुळजापूर, ढग. उमरगा, पाऊस. कळंब, ढग. एकानं विचारलं, वाळवण घातलंय का? एकानं उगवत्या सूर्याचं चित्र पाठवून वर शुभ सकाळ लिहिलं, त्याला मी जे लिहिलं ते इथं सांगता येणार नाही. मग वाशीहून, मुंबईकडच्या नव्हे, आमच्याच जिल्ह्यातल्या, बानूबाईचा निरोप आला, "वाशीत कडक ऊन हाय. काय पायजे बोला."

बानूबाई आमच्या बरोबरीची कंडक्टर. ठासून भरलेल्या गाडीत तिनं पुढून हाक दिली की मागच्या बाकावरचा माणूस सुट्टे काढायचा. मी तिला फोन करून सांगितलं: एका बाईला सूर्य दाखवायचाय, ती ग्रीनलंडला आहे, लेक बाळंत होतेय. बानूबाईनं एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाली, "नंबर धाडा."

पुढचं मला दोघींनी सांगितलं. बानूबाई चपला न घालताच गच्चीवर पळाली. दवाखान्यात विरेशनं वैनींच्या पुढं फोन धरला. वैनींना आधी एक अनोळखी बाई दिसली, मग तोच भगभगीत गोळा.

"हे कुठलं?" वैनींनी विचारलं.

"वाशीचं हाय, बाई. पन तुझाच हाय. मी उनात उभी हाय, पाय भाजायलेत. घे पानी."

वैनींनी एका हातानं लेकीचा हात धरलेला होता. दुसरा हात त्यांनी कपाळाला लावला आणि पेला तोंडाला लावला. मग कोटाच्या खिशातून भाकरीचा तुकडा काढून खाल्ला. नर्सही त्या आवाजानं हसली, असं विरेश सांगतो. तिथली दुपार व्हायच्या आत आम्हाला फोन आला. मुलगी झाली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. मी गल्लीत पेढे वाटले आणि पहिला पेढा गफारच्या तोंडात कोंबला. तो म्हणाला, "मी सांगितलंच होतं." काय सांगितलं होतं देव जाणे, पण मी मान डोलावली.

नंतरचे दिवस बरे गेले. आभाळ निवळलं, मी पुन्हा टोपी घालून अंगणात. वैनींनी तिथल्या लोण्याचं तूप कढवून डिंकाचे लाडू केले, बाळाला शेक-शेगडी केली आणि घर उघडं टाकून सगळ्या शेजाऱ्यांना केकसोबत भाकरी-चटणी खाऊ घातली. विरेश म्हणतो, गावात आता चटणीची मागणी आहे.

इलुलिसाटचा सूर्य परत येतो तेरा जानेवारीला. म्हणजे आपली भोगी. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपण तीळ लावलेली भाकरी करतो, त्याच दिवशी तिकडं सगळं गाव टेकाडावर चढतं, पोरंबाळं गाणी म्हणतात आणि सूर्याचं स्वागत होतं. हे विरेशनं सांगितलं तेव्हा वैनी म्हणाल्या, "त्यास्नी भोगी कुनी शिकवली?"

प्रिया आणि बाळ मात्र घरीच राहणार होती. बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, यात ग्रीनलंडलाही सवलत नव्हती. तेव्हा वैनी आणि विरेश टेकाडावर, प्रिया घरात, मी आणि गफार बेंबळीत आणि बानूबाई वाशीत, असे सगळे एका व्हिडिओवर जमलो. आमच्याकडं रात्रीची जेवणाची वेळ झाली होती. ताटं वाढून झाकलेली होती.

पडद्यावर आधी नुसता बर्फ आणि माणसंच माणसं. मग डोंगराच्या कडेला तांबूस रेघ उठली. गाणं सुरू झालं. आणि त्या रेघेतून नखाएवढा सूर्य बाहेर आला.

वैनींनी हात जोडले नाहीत. आधी फोन विरेशच्या हातून घेतला आणि सूर्याकडं वळवून धरला. "भावजी, दिसतोय का? गफारभाऊ? बानूबाई, बघा गं. इतकं दिस तुमी दावला. आज माझी पाळी."

मग फोन विरेशला देऊन त्यांनी हात जोडले. गफार टोपी सारखी करत राहिला.

तेवढ्यात प्रियाचा आवाज आला. "अव्वा, दिसला. आता मी पाणी घेते."

टेकाडावर वैनी एकदम वळल्या. "म्हंजे? सकाळधरनं पानी घेतलं न्हाईस? लेकराला पाजतीस तू, बाळंतीण हायस!"

"आजच्या दिवस फक्त, अव्वा."

"कुनी सांगितलं तुला नेम धराया?"

प्रियानं मांडीवरचं बाळ जरा वर घेतलं. "तुला कुनी सांगितलं हुतं?" ती म्हणाली. "काका फोनवर बोलले ते मी सगळं ऐकलं. मला कळा येत हुत्या, कान उघडे हुते."

वैनींनी माझ्याकडं बघितलं. हजारो मैलांवरून सुद्धा मला ते बघणं लागलं. मग त्यांचा चेहरा मोडला आणि त्या भर गर्दीत, लुगड्यावर चढवलेल्या कोटाच्या बाहीनं डोळे पुसत रडायला लागल्या. दवाखान्याच्या खिडकीपाशी राहिलेलं सगळं रडणं त्या दिवशी त्या टेकाडावर निघालं. शेजारच्या कुणी अनोळखी बाईनं त्यांना जवळ घेतलं. तिला वाटलं असेल, सूर्य बघून रडते.

"डब्यात कडक भाकरी हाय," रडत रडतच वैनींनी लेकीला हुकूम सोडला. "दुधात कुस्कर आन् माझ्यासमोर खा. आत्ता."

प्रियानं भाकरी मोडली. तो आवाज बेंबळीत ऐकू आला, वाशीतही गेला असणार. कारण बानूबाई तिच्या त्या गाडीभर घुमणाऱ्या आवाजात म्हणाली, "चला, सूर्य दिसला. आता जेवा रे सगळे." बाहेर गल्लीत पूर्ण अंधार होता. मी गफारपुढं ताट सरकवलं आणि माझ्या ताटावरचं झाकण काढलं.